ब्राझिएबाईंच्या ल्योंमध्ये

फ्रेंच स्वयंपाकाचा इतिहास वाचायला घेतला की एकामागून एक पुरुषच भेटत जातात: कारेम, एस्कॉफिए, प्वाँ, बोक्यूज. त्या रांगेत युजेनी ब्राझिए हे नाव असायलाच हवं, असं मला फार दिवसांपासून वाटत आलंय. १९३३ साली, रेस्तराँना दर्जानुसार तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेने त्यांच्या दोन रेस्तराँना प्रत्येकी तीन, म्हणजे जास्तीत जास्त, तारे दिले. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी ती पहिली व्यक्ती. बायकांमधली पहिली नव्हे, सगळ्यांमधली पहिली. १९९८ मध्ये आलँ द्युकास या फ्रेंच शेफना सहा तारे मिळाले तेव्हा ‘इतिहासात प्रथमच’ असा गाजावाजा झाला. हे ६५ वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या मुलीने करून दाखवलंय, याची आठवण मग कुणीतरी करून द्यावी लागली.

जानेवारीअखेर ताईला घेऊन, ब्राझिएबाईंचं रेस्तराँ जिथे आहे त्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात गेले. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. उमेदीची सगळी वर्षं तिने सदाशिव पेठेत मेस चालवली. शंभर माणसांचा स्वयंपाक रोज वेळेवर कसा उठतो हे तिला पाठ आहे. ब्राझिएबाईंची गोष्ट मी तिला फोनवर सांगितली, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “बाजारहाट कोण करायचं?” तेव्हाच ठरवलं, हिला बरोबर न्यायचं.

मंगळवार, ल्यों

विमानतळावरून निघालेली ट्राम अर्ध्या तासात पार-दिय स्टेशनवर सोडते. खोलीवर सामान टाकलं आणि मेट्रोने ओतेल द व्हिल गाठलं. तिथून र्‍होन नदीच्या बाजूला वळलं की दोन मिनिटांत रू रुआयाल. सरळ, अरुंद, दोन्ही बाजूंना उंच दगडी घरं. बारा नंबरच्या दारावर अजूनही ‘ला मेर ब्राझिए’ असं नाव आहे.

ही जागा १९२१ पर्यंत किराणा दुकानाची होती. त्या एप्रिलमध्ये, वयाची सव्वीस वर्षंही पूर्ण झाली नसताना, १२,००० फ्रँकच्या भांडवलावर ब्राझिएबाईंनी इथे चूल पेटवली. टेबलं थोडीच. पहिल्या दिवशी क्रेफिशबरोबर (हा गोड्या पाण्यातला, छोट्या शेवंडासारखा प्राणी) मेयोनेज आणि मटार घालून केलेलं कबूतर. नवरा नाही, माहेरचा आधार नाही, पदरात सात वर्षांचा मुलगा.

ल्योंमध्ये अशा बायकांना ‘मेर’, म्हणजे आई, म्हणत. त्यांची परंपरा जुनी होती. रेशमाच्या व्यापारावर गब्बर झालेल्या घरांतून स्वयंपाकिणी असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि मग पहिल्या महायुद्धानंतर त्या घरांची ऐपत उतरत गेली, नोकरचाकर कमी झाले. मग या बायकांनी गावातच छोट्या जागा घेतल्या आणि मालकांच्या टेबलावरचंच जेवण पैसे घेऊन वाढायला सुरुवात केली. कारखान्यातला कामगार आणि बँकेतला साहेब शेजारी बसून जेवायचे. ताईला गिरणगावातल्या खाणावळी आठवल्या. खोलीत पंचवीस-तीस गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका आणि त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ. “त्यांच्यातल्या कुणाला कुणी तारे दिले असते तर?” असं ती म्हणाली आणि थोडा वेळ गप्पच चालली.

संध्याकाळी मेट्रोच्या ‘सी’ लाइनने क्रुआ-रूसच्या टेकडीवर गेलो. ही मेट्रो दातेरी रुळावरून चढ चढते. वर रेशीम विणणाऱ्या ‘कान्यूं’ची वस्ती होती. जॅकार्ड माग मावावेत म्हणून घरांची छतं चार-चार मीटर उंच बांधलेली, खिडक्याही तशाच लांब. एका साध्या बुशोंमध्ये, म्हणजे ल्योंच्या पारंपरिक खानावळीत, बसलो. ताई कोंबडी-मासे खाते, डुक्कर आणि गोमांस नाही. बुशोंच्या पाटीवर आतडी, जठर आणि डुकराची चरबी यांचंच राज्य असतं. सॅलडवरसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे पडतात, त्यामुळे प्रत्येक पदार्थ विचारून घ्यावा लागला. शेवटी ‘सेर्व्हेल द कान्यू’ मागवलं. ताजं, पांढरं, मऊ चीज, त्यात बारीक चिरलेली हिरवी पात, छोटे कांदे, थोडं व्हिनेगर आणि तेल. विणकरांचं खाणं. ताईने पावाने वाटी पुसून काढली.

बुधवार, ब्रेस

सकाळी रेल्वेने, कोंबड्यांसाठी नावाजलेल्या ब्रेस या परिसरातलं बूर्ग-आं-ब्रेस गाव. तासाभराचा प्रवास. बाहेर सपाट, ओलसर शेतं, मधूनमधून झाडांची कुंपणं, धुकं. गावाबाहेर ब्रूचा मठ आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या मार्गारेटने नवऱ्याच्या आठवणीत बांधलेला. फार सुंदर आहे, पण आमचं काम वेगळं होतं. अर्ध्या तासात पाहिला आणि टॅक्सी घेतली.

दक्षिणेला ला त्रांक्लिएर नावाचं खेडं आहे. १२ जून १८९५ ला ब्राझिएबाई इथे जन्मल्या. चर्च, थोडी घरं आणि आजूबाजूला शेतं. बाकी पाहण्यासारखं काही नाही. तरी मला तिथे उभं राहायचं होतं. पाच वर्षांच्या असताना त्या डुकरं राखायच्या. शाळा फक्त हिवाळ्यात, शेतात काम नसेल तेव्हा. दहाव्या वर्षी आई गेली आणि दुसऱ्याच्या शेतावर राबायला जावं लागलं. आईच्या हातचं लीकचं, म्हणजे कांद्याच्या जातीतल्या भाजीचं, सूप त्यांना म्हातारपणीही आठवायचं: लीक पाण्यात-दुधात शिजवायचे, फेटलेलं अंडं घालायचं आणि शिळ्या पावावर ओतायचं. विसाव्या वर्षाच्या आत, लग्न न होता, मुलगा झाला. बापाने घराबाहेर काढलं. मूल दाईकडे ठेवून ही मुलगी ल्योंला मिलिया नावाच्या शेवया-पास्ता बनवणाऱ्या कुटुंबात मुलं सांभाळायला राहिली. तिथेच, घरातली मंडळी सुटीला दक्षिणेकडे गेली असताना, स्वयंपाक तिच्या अंगावर पडला. पुस्तक नव्हतं, शिकवणारं कुणी नव्हतं. शेजारच्या बायकांना, दुकानदारांना विचारत ती करत गेली.

दुपारी एका कोंबड्यांच्या शेतावर गेलो. आधी फोन करून ठेवला होता. मालकीणबाई रबरी बूट घालून समोर आल्या आणि थेट कुरणात घेऊन गेल्या.

ब्रेसची कोंबडी म्हणजे पांढरी पिसं, लाल तुरा आणि निळे पाय. निळे म्हणजे खरोखर निळे, पावसाळी आभाळाकडे झुकणारे. फ्रान्सच्या झेंड्याचे तिन्ही रंग एकाच पक्ष्यावर, याचा तिथल्या लोकांना फार अभिमान. या नावाला १९५७ पासून कायद्याचं संरक्षण आहे. ठरलेल्या भूभागाबाहेर वाढवलेली कोंबडी या नावाने विकता येत नाही. प्रत्येक पक्ष्याला निदान दहा चौरस मीटर गवत मोकळं हवं. खाणं म्हणजे मका, गहू, दूध किंवा ताक, आणि बाकीचं तिने स्वतः शोधायचं: किडे, गोगलगायी, गवत. ब्रॉयलर सहा आठवड्यांत कापतात. ही जवळजवळ चार महिने वाढते. ‘पूलार्द’, म्हणजे अंडी घालायच्या आधीची तलंग, पाच महिने.

मालकीणबाईंनी एक पक्षी उचलून ताईच्या हातात दिला. ताईने त्याची छाती अंगठ्याने दाबून पाहिली, पंखाखालची कातडी फुंकर मारून पाहिली, मग म्हणाली, “चरबी कातडीखाली सारखी पसरलीय बघ. गोळा झालेली नाही.” मी भाषांतर केलं. मालकीणबाई खुलल्या आणि आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे लाकडी पट्ट्यांचे पिंजरे होते, त्यांना एपिनेत म्हणतात. शेवटचे थोडे दिवस पक्षी इथे अंधारात, शांत ठेवतात आणि मक्याचं पीठ दुधात कालवून देतात. चरबी मांसात मुरते ती इथे. मोकळ्या कुरणावर भटकून तयार झालेले स्नायू आणि अंधाऱ्या खोलीतली ही विश्रांती, दोन्ही मिळून ती चव येते. पिंजऱ्यांकडे पाहून मला बरं वाटलं नाही, हे लिहिलंच पाहिजे. ताईला त्यात काही वावगं दिसलं नाही. जनावर कसं वाढतं ते न बघता खाणाऱ्या आपल्यासारख्यांपेक्षा ही बाई प्रामाणिक आहे, असं तिचं म्हणणं.

निघताना त्यांनी भाजलेल्या मक्याच्या पिठाची पिशवी दिली. याचं ‘गोद’ करतात. पीठ पाण्यात किंवा दुधात घोटत घोटत घट्ट शिजवायचं. गरीब शेतकऱ्यांचं हेच रोजचं खाणं होतं, इतकं की ब्रेसच्या लोकांना ‘पिवळ्या पोटांचे’ म्हणून ओळखत. या पिवळ्या पोटाच्या पोरीने पुढे ब्रेसच्या कोंबडीला ल्योंच्या सगळ्यात महागड्या टेबलावर नेऊन बसवलं. कोंबड्या देणाऱ्यांशी ती इतकी घासाघीस करायची, इतकी नाकं मुरडायची, की एकाने म्हणे वैतागून म्हटलं होतं, आता बाईंना पक्ष्यांची नखंसुद्धा कापून दिली पाहिजेत. ताईचा तो पहिला प्रश्न, बाजारहाट कोण करायचं, त्याचं उत्तर इथे मिळालं. बाई स्वतः करायच्या. आणि माझ्या मते त्यांच्या कर्तबगारीचा निम्मा भाग इथेच आहे.

गुरुवार, रू द्युकेन आणि डोंगरावर

सकाळी सहाव्या विभागातल्या रू द्युकेनवर चक्कर मारली. इथे फियू आजींचं रेस्तराँ होतं. फ्रांस्वाज फियू, मूळच्या ओव्हेर्न्यच्या. ब्राझिएबाई त्यांच्या हाताखाली शिकल्या. फियू आजींचा मेन्यू वर्षानुवर्षं तोच असे: ट्रफलचं, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या सुवासिक बुरशीचं, सूप, क्रेफिशच्या लोण्यातली कनेल (शिजवलेले मऊ लांबट गोळे), फ्वा ग्रा (पोसलेल्या बदकाचं किंवा हंसाचं यकृत) घातलेला आर्टिचोक या भाजीचा गाभा, आणि ‘दमी-दय’ कोंबडी. अर्धं सुतक, असं काहीसं ते नाव. कातडीखाली काळ्या ट्रफलच्या चकत्या सरकवलेल्या असतात, त्यामुळे पांढऱ्या पक्ष्यावर काळे ठिपके उमटतात. आजी कमरेला एप्रन बांधून प्रत्येक टेबलापाशी येत आणि हातातल्या छोट्या सुरीने कोंबडी स्वतः कापून वाढत. तीस वर्षं फक्त दोन सुऱ्या वापरल्या, अशी आख्यायिका ल्योंमध्ये सांगतात.

दहा-बारा पदार्थ नाहीत, चार-पाचच. पण ते रोज, वर्षभर, त्याच तोलाने. ब्राझिएबाईंनी हेच उचललं आणि आयुष्यभर सोडलं नाही. ताई म्हणाली, “रोज वेगळं करणं सोपं असतं गं. चुकलं तरी कुणाला कळत नाही. रोज तेच केलं की लोक कालच्याशी ताडून बघतात.” हे वाक्य मी वहीत तसंच्या तसं लिहून घेतलं.

दुपारी टॅक्सीने कोल द ला ल्युएरला निघालो. ल्योंच्या पश्चिमेला डोंगरात, पोलिओने नावाच्या गावाजवळची ही खिंड, ७१४ मीटर उंचीवर. शहर मागे पडल्यावर रस्ता फळबागांतून जातो, मग वळणं सुरू होतात, मग पाइन आणि ओकची दाट झाडी. वर पोचलो तेव्हा बर्फाचे पातळ पांढरे पट्टे होते आणि खाली अख्खं ल्यों पसरलेलं. गार वारा कानात शिरत होता. ताईने शाल डोक्यावरून घेतली आणि म्हणाली, “इथपर्यंत जेवायला यायचे लोक?”

यायचे. १९२८ च्या सुमारास ब्राझिएबाई कामाने पार थकल्या होत्या. विश्रांतीसाठी त्यांनी इथे एक लाकडी खोपट घेतलं. गॅस नाही, वीज नाही, नळाचं पाणी नाही. पण त्यांच्या मागोमाग गिऱ्हाइकं वर चढू लागली. सुट्टीच्या दिवशी मोटारी घेऊन लोक यायला लागले तेव्हा त्यांनी रेस्तराँच सुरू केलं. मोटारींचा संबंध इथे महत्त्वाचा. मिशेलिन ही टायरची कंपनी. १९०० मध्ये तिने मार्गदर्शिका काढली ती लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात, टायर झिजावेत म्हणून. एक तारा १९२६ पासून, आणि दोन-तीन ताऱ्यांची पद्धत १९३१ पासून. पॅरिसचे श्रीमंत लोक भूमध्य समुद्राकडे गाडीने निघाले की वाटेत ल्यों लागणारच. त्या काळात ब्राझिएबाईंची दोन दुकानं, एक शहरात आणि एक डोंगरावर, दोन्ही त्या पुस्तकात सगळ्यात वर गेली. त्याच १९३३ मध्ये प्रिए या गावच्या मारी बुर्ज्वा यांनाही तीन तारे मिळाले होते. म्हणजे अगदी पहिल्या फळीत दोन बायका होत्या, आणि दोघीही याच परिसरातल्या. यानंतर दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, खाद्यसमीक्षक क्यूर्नोन्स्की यांनी ल्योंला जगाची खाद्यराजधानी म्हटलं. शहर आजही ती बिरुदावली मिरवतं. कोणाच्या जिवावर मिरवतं, हे मात्र हळू आवाजात सांगितलं जातं.

याच खिंडीत १९४६ मध्ये एक वीस वर्षांचा पोरगा सायकल हाणत आला आणि काम मागू लागला. युद्धात गोळी लागून परतलेला पॉल बोक्यूज. पुढे जगातला सगळ्यात नावाजलेला आचारी झाला तो हाच. बाईंनी त्याला स्वयंपाकघरात घेतलं, पण काम म्हणजे नुसता स्वयंपाक नव्हता. गाईंची धार काढायची, भाज्यांच्या वाफ्यांना पाणी घालायचं, कपडे धुवायचे, इस्त्री करायची. बाई पहाटे उठत, ओरडत, तारीख-वार बघत नसत. स्वच्छतेच्या बाबतीत तर कुणाची गय नसे. बोक्यूज हे सगळं पुढे आयुष्यभर अभिमानाने सांगत राहिले. पॅरिसच्या ‘लाम्ब्रुआझी’ रेस्तराँला तीन तारे मिळवून देणारे बेर्नार पाको हेही इथेच शिकले. फ्रेंच स्वयंपाकातल्या पुरुषांच्या त्या लांबलचक रांगेतले निदान दोघे तरी या बाईंच्या हाताखालून गेलेले आहेत.

उतरताना टॅक्सीवाल्याने विचारलं, वर एवढं काय पाहिलंत. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, माझे आजोबा लग्नाच्या वाढदिवसाला इथे जेवले होते, आजी मरेपर्यंत त्या कोंबडीबद्दल बोलायची.

शुक्रवार, बारा नंबरचं दार

आज दुपारचं जेवण रू रुआयालला. टेबल महिनाभर आधी राखून ठेवलं होतं.

ब्राझिएबाईंनंतर हे दुकान मुलगा गास्तोंने आणि मग नात जाकोतने चालवलं. २००८ मध्ये मात्यू व्हियाने यांनी ते घेतलं आणि नाव तेच ठेवलं. आज तिथे दोन तारे आहेत. आत जुन्या टाइल्स आणि रंगीत काचा जपल्या आहेत. खोल्या लहान, एकमेकींत उघडणाऱ्या. कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटतं, आणि ते मला आवडलं.

आर्टिचोक आणि फ्वा ग्रा अजूनही मेन्यूवर आहे. आम्ही ते टाळलं आणि दोघींत मिळून दमी-दय कोंबडी मागवली. हाच पदार्थ खाण्यासाठी इतक्या लांब आलो होतो.

वाढप्याने आधी अख्खा पक्षी भांड्यात आणून दाखवला. झाकण उचललं तेव्हा वास आला तो आधी मातीचा, पाऊस पडून गेलेल्या जंगलातला, आणि मग मागून कोंबडीच्या रश्श्याचा. कातडी मेणासारखी फिकट, आणि तिच्या खालून काळ्या चकत्यांची वर्तुळं दिसत होती, छातीवर दोन्ही बाजूंना, मांडीवरही. भाजलेल्या कोंबडीचा तपकिरी रंग कुठेच नाही. ताई पुढे झुकून बघत होती.

या पदार्थात तंत्र आहे ते असं. ट्रफलचा वास चरबीत उतरतो आणि टिकतो. म्हणून तो कातडीखाली, चरबीच्या थराला चिकटवून ठेवायचा. मग पक्षी गाजर-लीक घातलेल्या रश्श्यात शिजवायचा, पण रस्सा खळखळू द्यायचा नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर नुसती थरथर हवी. उकळलं की मांसाचे धागे आकसतात, आतला ओलावा बाहेर पडतो आणि छाती लाकूड होते. आच बंद केल्यावर पक्षी त्याच रश्श्यात थोडा वेळ मुरू द्यायचा. यात कुठेही लपायला जागा नाही. मसाला नाही, भाजल्याचा खरपूसपणा नाही. पक्षी सामान्य असेल तर पहिल्या घासाला कळतं. परवा ऐकलेली ती घासाघीस, ते नाकं मुरडणं, त्याचा हिशेब इथे लागतो.

आधी छातीचे तुकडे आले, पांढऱ्या सॉसबरोबर. सुरी लावायची गरजच नव्हती. मग दुसऱ्या फेरीला मांडी. ताई पहिल्या घासानंतर बोलली नाही. दुसऱ्यानंतर म्हणाली, “उकळी नाही येऊ दिली एकदाही.” मग शेवटपर्यंत जेवत राहिली. आमच्या दोघींच्या स्वयंपाकात तिखट, खोबरं, गोडा मसाला यांच्याशिवाय पान हलत नाही. तरी या फिक्या जेवणात मला कशाचीही उणीव भासली नाही. ट्रफल जेवढी महाग तेवढी चविष्ट असतेच असं माझं मत नाही, पण इथे तिची जागा पटली.

बिल आलं ते खिशाला चांगलंच जड होतं. ब्राझिएबाईंच्या काळीही हे स्वस्त नव्हतं. तरीही त्यांच्या दारात सगळ्या प्रकारची माणसं येत. ल्योंचे महापौर आणि पुढे पंतप्रधान झालेले एदुआर एरियो नेहमीचे गिऱ्हाईक. माझ्यापेक्षा या बाई शहराचं नाव जास्त मोठं करतात, असं ते म्हणत. सरकारने ‘लेजियों दोनर’ हा सन्मान देऊ केला तेव्हा बाईंनी तो नाकारला. असे सन्मान नीट स्वयंपाक करण्यापेक्षा मोठ्या कामांसाठी असतात, असं त्यांचं म्हणणं. या विनयाचं मला थोडं दुःखच वाटलं. त्यांच्याच शिष्याने, बोक्यूजने, १९७५ मध्ये तोच सन्मान राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात ट्रफलचं सूप वाढून स्वीकारला आणि ते बरोबरच केलं. बाईंनीही घ्यायला हवा होता. दुसऱ्या महायुद्धात रेशनचे नियम मोडले म्हणून त्या आठवडाभर तुरुंगात होत्या. तुरुंगात टाकलं तेव्हा आणि पदक देऊ केलं तेव्हा, दोन्ही वेळा त्यांचं काम एकच होतं. लोकांना पोटभर, नीट जेवू घालणं. २ मार्च १९७७ ला त्या गेल्या, वय ८१. त्यांच्या पाककृतींचं पुस्तक त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात आलं.

शनिवार, कोलोंज आणि हाल

सकाळी बसने कोलोंज-ओ-मों-दोरला गेलो. सोन नदीच्या काठी बोक्यूज यांचं रंगीबेरंगी रेस्तराँ उभं आहे. हिरवा, लाल, झगमगीत रंग, छतावर नाव. २०१८ मध्ये, ९१ व्या वर्षी, ते याच घरात वारले. १९६५ पासून इथे तीन तारे होते. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी तिसरा गेला तेव्हा फ्रान्समध्ये मोठी हळहळ झाली. आम्ही आत जेवलो नाही, फाटकाशी लावलेला मेन्यू वाचला. त्यात डुकराच्या मूत्राशयात बांधून शिजवलेली ब्रेसची कोंबडी होती आणि तिच्यापुढे नाव होतं ‘मेर फियू’. म्हणजे गुरूच्या गुरूचं. बोक्यूज यांनी आपल्या नावाचं साम्राज्य उभं केलं हे खरं, पण शिकलो कोणाकडून हे त्यांनी लपवलं नाही. नवी फ्रेंच पाककला म्हणून १९७० च्या दशकात जो गाजावाजा झाला, ताजा माल, कमी सॉस, पदार्थाची मूळ चव, त्यातलं बरंचसं या बायका आधीपासून करत होत्या. त्यांनी फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

दुपारी पार-दियजवळच्या हालमध्ये. झाकलेला बाजार आहे, बोक्यूज यांच्या नावाचा. चीज, शिंपले, गुलाबी प्रालीनच्या, म्हणजे साखरेत घोळलेल्या बदामांच्या, गोड पोळ्या, आणि कोंबड्यांच्या काउंटरवर निळ्या पायांची रांग. डोकं, पाय सगळं शाबूत ठेवून विकतात. डाव्या पायात कड्यावर शेतकऱ्याचं नाव असतं. ताईने एकीच्या पायाला बोट लावून कडं फिरवून पाहिलं. काउंटरमागच्या माणसाने अख्खा पक्षी पुढे सरकवला आणि कालची आहे का, आजची आहे का, हे ती खुणांनी विचारत राहिली.

जाणार असाल तर थोडं सांगते. दमी-दय खायची असेल तर हिवाळ्यातच जा. काळी ट्रफल नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत ताजी मिळते. डिसेंबरमध्ये जमलं तर बूर्गला ‘ग्लोरिएझ’ नावाची कोंबड्यांची स्पर्धा भरते, तिथे खच्ची केलेले कोंबडे कापडात घट्ट शिवून मांडतात. सोमवारी बाजाराच्या भरवशावर राहू नका. रू रुआयालला टेबल आधी राखून ठेवा आणि शनिवार-रविवारची आशा धरू नका. कोल द ला ल्युएरला जाताना परतीची टॅक्सी आधीच ठरवून घ्या, वर रिकामी मिळत नाही. आणि ला त्रांक्लिएरला पाहण्यासारखं काही नाही म्हणून ते वगळू नका. ब्रूच्या मठाचा वेळ थोडा कमी करा, पण त्या चर्चपाशी जाऊन या.